गुप्तवार्ता खर्चमंजुरी कायदा (अमेरिका)

गुप्तवार्ता खर्चमंजुरी कायदा, मूळ इंग्रजी नाव इंटेलिजन्स ऑथरायझेशन ॲक्ट, हा अमेरिकेच्या संघराज्याच्या गुप्तचर संस्थांना एका आर्थिक वर्षासाठी खर्चाची परवानगी देणारा आणि त्यांच्या कामकाजावर नियम व अटी घालणारा कायदा आहे. तो एकदाच होऊन कायम राहिलेला कायदा नसून, दर वर्षी नव्याने मांडला जाणारा आणि वर्षाच्या नावाने ओळखला जाणारा कायद्यांचा क्रम आहे. या क्रमातील पहिला कायदा १९७८ साली, १९७९ या आर्थिक वर्षासाठी झाला. संस्थांचे काम गुप्त, पण त्यांना मिळणारा पैसा मात्र जनतेचा, या दोन गोष्टींचा मेळ लोकशाहीत कसा घालावा, या प्रश्नाला अमेरिकेने दिलेले उत्तर म्हणून या कायद्याकडे पाहिले जाते. ते उत्तर कितपत यशस्वी ठरले, याविषयी मतभेद आहेत.

मंजुरी आणि विनियोजन

अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. सिनेट आणि प्रतिनिधिगृह ही तिची दोन सभागृहे होत. सरकारी खर्चाला काँग्रेसची संमती साधारणपणे दोन टप्प्यांत मिळते. पहिल्या टप्प्यात एखादे काम करण्यास व त्यासाठी अमुक मर्यादेपर्यंत खर्च करण्यास कायद्याने परवानगी दिली जाते. ही मंजुरी होय. दुसऱ्या टप्प्यात तिजोरीतून प्रत्यक्ष रक्कम काढण्याचा अधिकार दिला जातो. ते विनियोजन होय. मंजुरीच्या कायद्याने पैसा हाती येत नाही, परंतु तो कशासाठी व कोणत्या अटींवर वापरायचा, हे ठरते. गुप्तवार्ता खर्चमंजुरी कायदा हा पहिल्या टप्प्यातील कायदा आहे.

अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असे असते आणि ते ज्या वर्षात संपते त्या वर्षाच्या नावाने ओळखले जाते. त्यामुळे १९७९ हे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झाले.

या सर्व व्यवस्थेचा पाया अमेरिकेच्या राज्यघटनेतील एका छोट्या कलमात आहे. कायद्याने विनियोजन झाल्याखेरीज तिजोरीतून पैसा काढता येणार नाही आणि सार्वजनिक जमाखर्चाचे विवरण वेळोवेळी प्रसिद्ध केले पाहिजे, असे पहिल्या अनुच्छेदाच्या नवव्या विभागात सांगितले आहे. या कलमाचा पूर्वार्ध गुप्तचर संस्थांच्या बाबतीत पाळला गेला. उत्तरार्धावरून मात्र दीर्घकाळ वाद झाला.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर, २६ जुलै १९४७ रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी राष्ट्रीय सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने केंद्रीय गुप्तचर संस्था, म्हणजे सीआयए, आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषद यांची स्थापना झाली. १९४९ च्या सीआयए कायद्याने या संस्थेला खर्चाच्या बाबतीत विलक्षण मोकळीक दिली. इतर खात्यांच्या नावे मंजूर झालेली रक्कम सीआयएकडे वळवता येऊ लागली आणि गोपनीय स्वरूपाच्या खर्चासाठी संचालकाचे प्रमाणपत्र हाच पुरेसा हिशेब मानला गेला. प्रत्यक्षात सीआयएचा पैसा संरक्षण खात्याच्या तरतुदींमध्ये मिसळून ठेवला जाई आणि तो कोठे आहे, हे विनियोजन व सैन्यविषयक समित्यांमधील मोजक्या सदस्यांनाच ठाऊक असे.

हे चित्र बदलण्याचे प्रयत्न लवकर सुरू झाले, पण त्यांना यश आले नाही. गुप्तचर संस्थांवर देखरेख ठेवण्यासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमावी, असा ठराव सिनेटर माइक मॅन्सफील्ड यांनी मांडला होता. १९५६ साली तो सिनेटमध्ये ५९ विरुद्ध २७ मतांनी फेटाळला गेला. शीतयुद्धाच्या त्या काळात अशा गोष्टी आपल्याला न कळलेल्याच बऱ्या, अशी अनेक ज्येष्ठ सदस्यांची भावना होती.

खर्चाच्या गुप्ततेला न्यायालयातही आव्हान दिले गेले. पेन्सिल्व्हेनियातील एका करदात्याने राज्यघटनेतील हिशेबाच्या कलमाचा आधार घेऊन सीआयएचा खर्च जाहीर करावा, अशी मागणी केली. 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध रिचर्डसन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने निर्णय दिला की, केवळ करदाता असल्यामुळे असा दावा लावण्याचा अधिकार कोणाला प्राप्त होत नाही. खर्च गुप्त ठेवणे घटनेला धरून आहे की नाही, या मूळ प्रश्नाचा निकाल न्यायालयाने दिलाच नाही. हा प्रश्न सोडवणे काँग्रेसच्या व मतदारांच्या हाती राहिले.

चर्च समिती

२२ डिसेंबर १९७४ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स' या दैनिकात सेमूर हर्श यांचे वृत्त प्रसिद्ध झाले. सीआयएने देशातील युद्धविरोधी चळवळींवर आणि नागरिकांवर पाळत ठेवली, असे त्यात म्हटले होते. सीआयएला देशांतर्गत हेरगिरीची मुभा नसल्याने या वृत्ताने खळबळ उडाली. व्हिएतनाम युद्ध आणि वॉटरगेट प्रकरण यांमुळे लोकांचा सरकारवरील विश्वास आधीच डळमळला होता.

त्याच महिन्यात ह्यूज-रायन दुरुस्ती मंजूर झाली. परदेशातील गुप्त कारवाई राष्ट्रीय सुरक्षेसाठी महत्त्वाची आहे असा निर्णय स्वतः राष्ट्राध्यक्षांनी दिल्याशिवाय सीआयएने तिच्यावर पैसा खर्च करू नये आणि त्याची माहिती काँग्रेसच्या संबंधित समित्यांना द्यावी, असे बंधन तिने घातले. 'मला काही माहीत नव्हते' असे म्हणण्याची राष्ट्राध्यक्षांची सोय त्यामुळे संपली.

२७ जानेवारी १९७५ रोजी सिनेटने आयडाहोचे सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. प्रतिनिधिगृहात ओटिस पाइक यांच्या समितीने, मुख्यतः गुप्तचर संस्थांचा खर्च आणि त्यांच्या कामाची परिणामकारकता या अंगांनी, समांतर चौकशी केली. चर्च समितीच्या अहवालांतून पुढील गोष्टी उजेडात आल्या :

• क्यूबाचे फिडेल कॅस्ट्रो आणि काँगोचे पॅट्रिस लुमुंबा यांच्यासह काही परकीय नेत्यांच्या हत्येचे कट सीआयएने आखले होते.
• १९५३ ते १९७३ या काळात सीआयएने अमेरिकेत टपालातील जवळजवळ अडीच लाख पत्रे उघडून त्यांची छायाचित्रे घेतली होती.
• राष्ट्रीय सुरक्षा संस्था, म्हणजे एनएसए, हिला तार कंपन्यांकडून लक्षावधी खाजगी तारांच्या प्रती अनेक वर्षे मिळत होत्या.
• एफबीआयने नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्त्यांमध्ये फूट पाडण्याचे व त्यांची बदनामी करण्याचे पद्धतशीर प्रयत्न केले होते. मार्टिन ल्यूथर किंग हे त्यांचे एक लक्ष्य होते.

यांतील बहुतेक गोष्टींसाठी पैसा काँग्रेसनेच दिला होता. तो कशासाठी वापरला गेला, हे मात्र बहुसंख्य सदस्यांना ठाऊक नव्हते. देखरेखीचा आग्रह धरणाऱ्यांच्या दृष्टीने हाच या अहवालांचा सर्वांत गंभीर निष्कर्ष होता.

कायम समित्या आणि पहिला कायदा

चर्च समितीच्या शिफारशींनुसार सिनेटने १९ मे १९७६ रोजी ठराव क्रमांक ४०० संमत करून गुप्तवार्ताविषयक कायम समिती स्थापन केली. डॅनियल इनूये तिचे पहिले अध्यक्ष झाले. जुलै १९७७ मध्ये प्रतिनिधिगृहानेही अशीच समिती नेमली व एडवर्ड बोलंड तिचे अध्यक्ष झाले. सिनेटच्या समितीत बहुमतवाल्या पक्षाला विरोधकांपेक्षा एकच जागा अधिक मिळते आणि उपाध्यक्षपद अल्पमतातील पक्षाकडे असते. हेरगिरीचा विषय पक्षीय भांडणात सापडू नये, हा त्यामागचा हेतू होता.

या समित्यांना खर्चमंजुरीचे विधेयक तयार करण्याचा अधिकार मिळाला. त्यामुळे गुप्तचर संस्थांच्या प्रमुखांना दर वर्षी समितीपुढे येऊन आपल्या मागण्यांचे समर्थन करणे भाग पडले. १९७८ च्या पहिल्या कायद्यानंतर दोन वर्षांनी, १९८१ च्या आर्थिक वर्षाच्या कायद्याचा भाग म्हणून, गुप्तवार्ता देखरेख कायदा संमत झाला. गुप्त कारवाईची माहिती पूर्वी आठ समित्यांना द्यावी लागे, ती आता दोन गुप्तवार्ता समित्यांनाच द्यायची ठरली. त्या बदल्यात या समित्यांना सर्व गुप्तवार्ताविषयक कामांची पूर्ण व अद्ययावत माहिती देण्याचे बंधन संस्थांवर आले. अत्यंत असाधारण परिस्थितीत ही माहिती आठच नेत्यांपुरती मर्यादित ठेवण्याची मुभा राष्ट्राध्यक्षांना मिळाली. दोन्ही सभागृहांतील दोन्ही पक्षांचे नेते आणि दोन्ही समित्यांचे अध्यक्ष व ज्येष्ठ विरोधी सदस्य मिळून हा 'आठ जणांचा गट' होतो.

१९८५ साली आणखी एक महत्त्वाचे कलम राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात घालण्यात आले. काँग्रेसने विशेषकरून मंजूर केलेल्या कामांवरच गुप्तवार्तेचा पैसा खर्च करता येईल, असे ते सांगते. इतर अनेक खात्यांत मंजुरीचा कायदा झाला नाही तरी विनियोजनाच्या बळावर काम चालते. गुप्तचर संस्थांना मात्र या कलमामुळे मंजुरीला वगळून पुढे जाता येत नाही.

कायद्याची रचना

प्रत्येक वर्षीच्या कायद्याचे ढोबळमानाने तीन भाग असतात.

• जाहीर मजकूर : यात सर्वसाधारण मंजुरी, नवीन पदांची वा कार्यालयांची निर्मिती, सेवाशर्ती, काँग्रेसला द्यावयाचे अहवाल आणि मनाई करणाऱ्या तरतुदी असतात.
• गोपनीय परिशिष्ट : कोणत्या संस्थेला व कोणत्या कार्यक्रमाला किती रक्कम, याचा तपशील यात असतो. त्यासोबतच्या मंजुरीच्या तक्त्याला कायद्याचे बळ असते, पण तो प्रसिद्ध केला जात नाही. सभागृहाच्या सदस्यांना तो सुरक्षित खोलीत जाऊन वाचता येतो.
• समितीचा अहवाल : यात समितीची भूमिका आणि संस्थांना दिलेले निर्देश असतात.

अनेक टिकाऊ सुधारणा या वार्षिक कायद्यांतूनच झाल्या. १९८९ साली सीआयएसाठी कायद्याने स्वतंत्र महानिरीक्षक नेमण्यात आला. त्याची नेमणूक राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने करतात. १९९८ साली गुप्तचर संस्थांतील गैरप्रकारांची तक्रार काँग्रेसपर्यंत नेण्याचा मार्ग कर्मचाऱ्यांना उपलब्ध झाला. २०१९ साली राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरील पहिल्या महाभियोगाची सुरुवात ज्या तक्रारीने झाली, ती याच मार्गाने आली होती. २०१० च्या कायद्याने संपूर्ण गुप्तवार्ता यंत्रणेसाठी एक महानिरीक्षक नेमला. समितीच्या अहवालातील निर्देशांचे एक लोकपरिचित उदाहरण म्हणजे आकाशात दिसणाऱ्या अनोळखी वस्तूंविषयीचा अहवाल. सिनेट समितीच्या मागणीनुसार तो जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

निकाराग्वा प्रकरण

खर्चावरील नियंत्रणाची खरी कसोटी १९८० च्या दशकात लागली. निकाराग्वातील सँडिनिस्टा सरकारविरुद्ध लढणाऱ्या 'काँट्रा' बंडखोरांना राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचे प्रशासन सीआयएमार्फत मदत करीत होते. ते सरकार उलथवण्यासाठी हा पैसा वापरू नये, अशी बोलंड यांची दुरुस्ती डिसेंबर १९८२ मध्ये प्रतिनिधिगृहाने ४११ विरुद्ध शून्य मतांनी संमत केली. पुढच्या वर्षी मदतीवर २ कोटी ४० लाख डॉलरची मर्यादा घालण्यात आली. निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरण्यात सीआयएचा हात असल्याचे १९८४ मध्ये उघड झाले, तेव्हा या कारवाईचे समर्थक असलेले सिनेट समितीचे अध्यक्ष बॅरी गोल्डवॉटर हेदेखील आपल्याला नीट माहिती दिली नाही म्हणून संतापले. त्याच वर्षी मदतीवर पूर्ण बंदी आली.

तरीही मदत थांबली नाही. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतील अधिकाऱ्यांनी देणगीदारांकडून आणि इराणला गुप्तपणे विकलेल्या शस्त्रांच्या नफ्यातून काँट्रांना पैसा पुरवला. नोव्हेंबर १९८६ मध्ये हे प्रकरण बाहेर आले. इराणला शस्त्रे पाठवण्याच्या एका व्यवहाराला तर तो झाल्यानंतर, मागाहून, राष्ट्राध्यक्षांची मंजुरी घेण्यात आली होती.

तिजोरीचे दार बंद केले तरी पैसा दुसऱ्या वाटेने येऊ शकतो, हा धडा काँग्रेसने यातून घेतला. १९९१ च्या आर्थिक वर्षासाठीच्या विधेयकात नव्या अटी घालण्यात आल्या. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश थोरले यांनी पहिले विधेयक १९९० साली रोखून धरले, पण सुधारित विधेयकावर ऑगस्ट १९९१ मध्ये स्वाक्षरी केली. या कायद्याने गुप्त कारवाईची व्याख्या प्रथमच कायद्यात आणली. राष्ट्राध्यक्षांचा निर्णय लेखी असावा, तो पूर्वलक्षी असू नये, त्याने राज्यघटनेचा वा कायद्याचा भंग होऊ नये आणि तिसऱ्या देशाचा वा खाजगी व्यक्तींचा सहभाग अपेक्षित असल्यास त्याचा उल्लेख करावा, असे त्यात म्हटले आहे.

कायदा न झालेली वर्षे

२००६ ते २००९ या चार आर्थिक वर्षांत गुप्तवार्ता खर्चमंजुरी कायदा झालाच नाही. २००८ च्या विधेयकात सर्व गुप्तचर संस्थांना कैद्यांच्या चौकशीत लष्कराच्या नियमपुस्तिकेतील पद्धतीच वापरण्याचे बंधन होते. त्यामुळे बुडवून गुदमरवण्याचा आभास निर्माण करण्यासारख्या छळाच्या पद्धती बेकायदा ठरल्या असत्या. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ८ मार्च २००८ रोजी नकाराधिकार वापरला आणि तो रद्द करण्यास लागणारे दोनतृतीयांश बहुमत प्रतिनिधिगृहात मिळाले नाही. या काळात विनियोजनाच्या कायद्यातच 'ही रक्कम विशेषकरून मंजूर झाली आहे असे मानावे' अशा अर्थाचे वाक्य घालून काम भागवण्यात आले. पैसा मिळत राहिला, पण अटी घालण्याचे समित्यांचे मुख्य साधन बोथट झाले. २०१० साली हा क्रम पुन्हा सुरू झाला. अलीकडच्या वर्षांत हे विधेयक बहुधा संरक्षण खर्चमंजुरीच्या किंवा एकत्रित विनियोजनाच्या मोठ्या कायद्याला जोडून संमत केले जाते.

एकूण खर्चाची प्रसिद्धी

अमेरिकेचा गुप्तवार्तेवरील एकूण खर्च अनेक दशके अधिकृतपणे जाहीर केला जात नव्हता. माहितीच्या अधिकाराखाली दाखल झालेल्या एका दाव्यानंतर १९९७ साली सीआयएचे संचालक जॉर्ज टेनेट यांनी तो २६.६ अब्ज डॉलर असल्याचे जाहीर केले. १९९८ साली २६.७ अब्ज डॉलरचा आकडा देण्यात आला. त्यानंतर पुन्हा गुप्तता आली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने एकूण आकडा जाहीर करण्याची शिफारस केली व २००७ च्या कायद्याने ती अमलात आली.

हा खर्च दोन भागांत विभागला जातो. राष्ट्रीय गुप्तवार्ता कार्यक्रम हा देशाच्या धोरणासाठी, तर लष्करी गुप्तवार्ता कार्यक्रम हा सैन्याच्या रणक्षेत्रातील गरजांसाठी असतो. जाहीर झालेले काही आकडे असे :

• २००७ : राष्ट्रीय ४३.५ अब्ज डॉलर
• २०१० : राष्ट्रीय ५३.१ अब्ज, लष्करी २७ अब्ज डॉलर
• २०२३ : राष्ट्रीय ७१.७ अब्ज, लष्करी २७.९ अब्ज डॉलर
• २०२४ : राष्ट्रीय ७६.५ अब्ज, लष्करी २९.८ अब्ज डॉलर

संस्थानिहाय तपशील मात्र आजही गुप्त आहे. एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांमुळे ऑगस्ट २०१३ मध्ये त्या वर्षाच्या ५२.६ अब्ज डॉलरच्या मागणीचा संस्थानिहाय तपशील 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये छापून आला, तो अपवाद होय.

मर्यादा आणि टीका

देखरेख करणाऱ्याला जेवढे सांगितले जाते तेवढेच कळते, ही या व्यवस्थेची मुख्य उणीव मानली जाते. २००१ नंतर एनएसएने न्यायालयाच्या परवानगीविना सुरू केलेल्या पाळतीची माहिती मोजक्याच सदस्यांना देण्यात आली होती. सिनेट समितीचे उपाध्यक्ष जे रॉकफेलर यांनी जुलै २००३ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. आपण तंत्रज्ञ नाही, वकील नाही आणि कोणाचा सल्लाही घेऊ शकत नाही, तेव्हा या कार्यक्रमाचे मूल्यमापन कसे करणार, असा त्यांचा आशय होता. पत्राची एक प्रत त्यांनी समितीच्या सुरक्षित कक्षात मोहरबंद करून ठेवली. कार्यक्रमाची बातमी वृत्तपत्रात येण्यास डिसेंबर २००५ उजाडला.

कैद्यांच्या छळाविषयी सिनेट समितीने केलेला ६,७०० हून अधिक पृष्ठांचा अभ्यास हे समितीच्या सामर्थ्याचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. तिच्या मर्यादांचेही ते उदाहरण आहे. डायन फाइनस्टाइन यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या या अभ्यासाचा सारांश ९ डिसेंबर २०१४ रोजी प्रसिद्ध झाला. पूर्ण अहवाल अद्याप गोपनीय आहे. हे काम चालू असताना सीआयएने समितीच्या कर्मचाऱ्यांच्या संगणकीय कागदपत्रांत शिरकाव केल्याचे उघड झाले आणि संचालक जॉन ब्रेनन यांना माफी मागावी लागली. ज्यांच्यावर देखरेख ठेवायची, त्यांनीच देखरेख करणाऱ्यांवर नजर ठेवल्याचा हा प्रकार होता.

मंजुरी एका समितीकडे आणि विनियोजन दुसऱ्या समितीकडे असल्याने संस्थांना सोयीचा दरवाजा निवडता येतो, अशीही टीका होते. दोन्ही अधिकार एकाच समितीला द्यावेत, हा २००४ मधील चौकशी आयोगाने सुचवलेला पर्याय काँग्रेसने स्वीकारला नाही. याउलट, अतिरेकी देखरेखीमुळे संस्था जोखीम घेण्यास कचरतात आणि गुपिते फुटण्याचा धोका वाढतो, असे काही माजी अधिकाऱ्यांचे म्हणणे आहे.

इतर देश आणि भारत

ब्रिटनने १९८९ च्या सुरक्षा सेवा कायद्याने आणि १९९४ च्या गुप्तवार्ता सेवा कायद्याने आपल्या संस्थांना वैधानिक आधार दिला. १९९४ च्या कायद्याने खासदारांची देखरेख समिती नेमली आणि २०१३ च्या कायद्याने तिचे अधिकार वाढवले.

भारतात असा कायदा नाही. गुप्तवार्ता विभाग, म्हणजे आयबी, याची सुरुवात १८८७ साली ब्रिटिश राजवटीत झाली. सप्टेंबर १९६८ मध्ये त्याच्या परदेशविषयक कामातून रिसर्च अँड ॲनालिसिस विंग, म्हणजे रॉ, ही वेगळी संस्था निर्माण झाली. त्या वेळी यशवंतराव चव्हाण केंद्रीय गृहमंत्री होते. या दोन्ही संस्था संसदेच्या स्वतंत्र कायद्याने नव्हे, तर सरकारच्या प्रशासकीय आदेशाने अस्तित्वात आल्या. १९८५ चा गुप्तवार्ता संघटनांविषयीचा कायदा कर्मचाऱ्यांच्या संघटनास्वातंत्र्यावर बंधने घालतो, पण संस्थांचे अधिकार व मर्यादा ठरवत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २४ नुसार या संस्था, भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता, त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत.

कायद्याने विनियोजन झाल्याखेरीज संचित निधीतून पैसा काढता येणार नाही, हे तत्त्व भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ११४ मध्येही आहे. त्यामुळे या संस्थांचा पैसा संसदेच्या मतदानातूनच जातो. परंतु त्यांच्या कामाची छाननी करणारी स्वतंत्र संसदीय समिती नाही. २०११ साली खासदार मनीष तिवारी यांनी गुप्तचर संस्थांचे अधिकार, नियमन व संसदीय देखरेख यांविषयी खाजगी विधेयक लोकसभेत मांडले होते. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

हे सुद्धा पहा

• सीआयए
• चर्च समिती
• इराण-काँट्रा प्रकरण
• रिसर्च अँड ॲनालिसिस विंग
• माहितीचा अधिकार अधिनियम, २००५